कॅप्टनसाठी आणलेली शाल

शालूताई, मिलिंदने तुला फसवलं. अंगावर शाल घालून, हातात नारळ देऊन, बसभर माणसांकडून टाळ्या वाजवून घेऊन फसवलं. तू हे कधी कुणापाशी बोलली नाहीस आणि मलाही बोलू दिलं नाहीस. आता मला गप्प बसवणारं कुणी उरलेलं नाही.

तुझ्यावर लिहायला मला सांगितलं तेही मिलिंदनेच. आपल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष तो, सहली काढणारा तो, मंडळाचा अंकही तोच काढतो. तुला जाऊन महिना झाला नाही तोवर त्याचा फोन. "रंजूताई, तुम्ही शालूताईंच्या सगळ्यात जवळच्या. दोन पानं लिहा. गोड आठवणी असू देत. वाद नको." मी म्हटलं, "लिहिते." एवढंच. सौदा करताना मी आधी फार बोलत नाही, हे तुला माहीत आहे. त्याला माहीत नाही. त्याला माणसांची माहिती कमी आणि माणसांच्या याद्या जास्त.

तर गोड आठवणीपासूनच सुरू करते.

मी इथे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला, नवऱ्याच्या कामाच्या परवान्यावर आलेली बाई. घरी चकल्या करून त्याच्या ऑफिसातल्या पोरांना विकायला लागले होते. एका दुपारी दार वाजलं. दारात तू. पावसाळी कोट, सायकलचं हेल्मेट डोक्यावर तसंच, हातात माझीच चकलीची पिशवी.

"या चकल्या तू केल्यास का?"

"हो."

"तेल जुनं आहे."

मी तिथल्या तिथे भडकले. "मग परत द्या. पैसे देते."

तू पिशवी उलटी करून दाखवलीस. रिकामी.

"खराब होत्या तर संपवल्यात कशाला?"

"दुसऱ्या कुणी खाऊ नयेत म्हणून. आणि अहो-जाहो करू नकोस, मला म्हातारं वाटतं. तू म्हण. चहा टाक."

तेव्हापासून तू म्हणते आहे. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी असून. गेमेंतेत म्हणजे इथल्या नगरपालिकेत दुकानाच्या परवानगीसाठी तू माझ्याबरोबर आलीस. खिडकीपलीकडची बाई मला तिसऱ्यांदा परत पाठवायला लागली तेव्हा तू तुझ्या त्या संथ डचमध्ये तिला इतकंच विचारलंस, की तुमच्या जागी अजून कोणी बसतं का. परवानगी मिळाली. आज माझं दुकान आहे, दोन माणसं कामाला आहेत. यातलं पुष्कळसं मी भांडून मिळवलं. उरलेलं तू न भांडता मिळवून दिलंस. ते मला कधी नीट पचलं नाही.

आपला वाद एकच होता आणि तो आपण वर्षानुवर्षं चालवला. हेगच्या बाजारात दर शनिवारी. तू मेथीची जुडी उचलायचीस, तो मोरोक्कन भाजीवाला सांगेल तो भाव द्यायचीस आणि निघायचीस. माझ्या अंगाची आग व्हायची.

"ताई, तू घासाघीस करत नाहीस म्हणून लोक तुला फसवतात."

"आणि तुला?"

"मला फसवून दाखवावं कुणी."

"मग सारखी चिडलेली का असतेस तू? फसवलं मला जातंय ना?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज देते. तुला फसवलेलं तुला लागत नव्हतं, म्हणून ते मला लागायचं. कुणाला तरी लागायला नको?

आता त्या सहलीचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हा अंक आपल्या बसमध्ये नसलेले लोकही वाचणार आहेत.

लायडनच्या संग्रहालयात शिरल्या शिरल्या मोठ्या दालनात इजिप्तचं एक देऊळ उभं आहे. खरंखुरं, दगडाचं. तिथून उचलून आणून इथे बसवलेलं. तुझे यजमान दिनकरराव गेल्यानंतर तू महिन्यातून एकदा तरी तिथे जायचीस. देवळासमोरच्या बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी खायचीस. पहारेकरी तुला ओळखायला लागले होते. मी एकदा आले तुझ्याबरोबर आणि म्हटलं, "एवढंसं तर आहे. आपल्या गावातलं मारुतीचं देऊळ याहून मोठं."

तू म्हणालीस, "उचलून आणलेलं असंच दिसतं गं. छोटं. मलाही उचलूनच आणलं होतं, मी पण अशीच दिसत असेन. मला एकदा त्यांच्या गावात जाऊन बघायचंय, जागच्या जागी उभं असलेलं."

कुठलं बघायचं हेही ठरलेलं होतं. कर्नाक. लक्सरजवळचं ते देऊळ, ज्याच्या एका दालनात खांबांचं जंगल आहे. पिरॅमिड नको, ममी नको. त्या खांबांमधून चालायचं आणि वर बघायचं. इथे या सपाट देशात मान वर करून बघायला काही नाही, ही तुझी कायमची तक्रार. साताऱ्याची तू, सकाळी दार उघडलं की समोर किल्ला बघितलेली.

म्हणून दिवाळीनंतर मंडळाने लाल समुद्रातली बोटीची सहल काढली आणि पत्रकावर 'लक्सर-कर्नाक, एक दिवस' असं छापलं, तेव्हा तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याआधी नाव दिलंस. गुडघे दुखत होते. डॉक्टरकडून गोळ्या आणल्यास. मी मिलिंदशी भांडून खिडकीची खोली मिळवली आणि तू मला ओरडलीस की एवढं कशाला. रोज सकाळी मात्र त्या खिडकीशी तूच बसायचीस.

बोटीवरचे दिवस मी सोडून देते. आपली माणसं समुद्रावर जाऊन काय करतात? जेवणाला नावं ठेवतात. पाच प्रकारच्या सॅलडसमोर उभं राहून ठेपले काढतात. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना आमटी-भाताची अशी काही आठवण यायला लागली होती, जणू वनवासात निघून वर्षं झाली. मिलिंद घोळक्याघोळक्यातून फिरत सगळ्यांना सांगत होता, "काळजी करू नका, लक्सरला मी पंगतच घालतोय. वरण-भात, पुरी, श्रीखंड. छातीवर हात ठेवून सांगतो." त्याने तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकघर दिवसभरासाठी घेतलं होतं, दोन हौशी काका पहाटेच वेगळ्या गाडीने पुढे रवाना झाले होते. यात त्याची सगळी बुद्धी खर्च झाली. देवळासाठी उरली नाही.

सफागा बंदरापासून लक्सर म्हणजे वाळवंटातून चांगला तीन-साडेतीन तासांचा रस्ता. बाहेर लालसर डोंगर, असे डोंगर तू तीस वर्षांत पाहिले नव्हतेस. आत अंताक्षरी. तू काचेला कपाळ लावून बसली होतीस. मागून अश्विनी, मिलिंदची बायको, "शालूताई, 'म' आलाय, 'म'!" म्हणून ओरडत होती. तू हसून हात हलवलास आणि परत बाहेर बघायला लागलीस.

बरोबर एक इजिप्शियन गाईड बाई होती. तिने माइक हातात घेऊन सांगायला सुरुवात केली की आधी कर्नाक करू, मग जेवू, कारण हिवाळ्यात देऊळ लवकर बंद होतं. मिलिंदने तिच्या हातातून माइक काढून घेतला. हसत हसत. "मॅडम, आमच्या लोकांना आधी जेवण लागतं. नाहीतर अ‍ॅसिडिटी होते." बस हसली. गाईड बाई खाली बसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्या बसमध्ये बाहेर बघणाऱ्या तुम्ही दोघीच होतात.

हॉटेल नदीकाठाला. पोचलो तेव्हा वरणाला फोडणी पडायची होती. तेव्हाच मी ओळखलं. माझं दुकान आहे, जेवणं पुरवते मी. पन्नास पानांची पंगत उठायला किती वेळ लागतो हे मला कुणी शिकवायला नको. त्यातून आग्रह. आपल्याकडे पंगतीत आग्रह नाही झाला तर जेवण झालं असं धरत नाहीत, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठत नाही.

मी तुला म्हटलं, "ताई, आपण जेवायचं नाही. आपण निघायचं."

"असं कसं? त्यांनी केलंय एवढं."

"त्यांनी त्यांच्यासाठी केलंय. तू थांब इथे."

मी बाहेर आले. लक्सरला रस्त्यात घोडागाड्या उभ्या असतात. पितळी दिवे लावलेल्या, काळ्या रंगाच्या. एका गाडीवानाशी मी बोलले. त्याला मराठी येत नव्हतं, मला अरबी येत नव्हतं, दोघांना इंग्रजी बेताचं; तरी असा झकास सौदा मी हेगच्या बाजारात कधी केला नाही. त्याने कपाळावर हात मारला, मी पाठ फिरवली. त्याने परत बोलावलं, मी घोडा मरतुकडा आहे म्हटलं. त्याने घोड्याचं तोंड धरून मला दात दाखवले. शेवटी ठरलं. कर्नाकला न्यायचं, दारापर्यंत, आणि बाहेर थांबायचं. त्याने सीटवरची धूळ झटकली, तू गुडघे दुमडून चढशील म्हणून खाली एक लाकडी खोका लावून ठेवला. तिथून कर्नाक जवळच. गाईड बाई दारात उभी राहून सगळं बघत होती. तिने मला हळूच सांगितलं, "आत्ता निघालात तर भरपूर वेळ मिळेल. मी ग्रुप घेऊन आले की आत भेटू."

मी आत आले आणि सरळ मार्गाने मिलिंदला सांगितलं. लपवाछपवी केली नाही. म्हटलं, "मिलिंद, मी आणि शालूताई पुढे जातो. देवळात भेटू."

"रंजूताई, ग्रुप फुटायला नको हो."

"फुटत नाहीये. दोघीजणी पुढे जातोय."

"आज तुम्ही दोघी, उद्या आणखी कोणी. जबाबदारी माझी आहे ना. काही झालं म्हणजे?"

"लिहून देते, काही झालं तर माझं."

त्याने काचेच्या दारातून बाहेर बघितलं. घोडागाडी उभी होती, गाडीवान खोक्याशेजारी. मिलिंदने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन मिनिटं द्या." मला वाटलं कबूल झाला.

मी तुझ्याजवळ आले, तुझी पर्स उचलली, तू खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठतच होतीस. तेवढ्यात ताटावर चमचा वाजला.

"मित्रहो! जेवणाआधी एक छोटासा कार्यक्रम. आपल्या मंडळाच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्या, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या शालूताई..."

टाळ्या. तू उभीच होतीस, त्यामुळे त्यांना आणखी सोपं गेलं. सगळ्यांना वाटलं तू सत्कारासाठीच उठलीस.

अश्विनीने पिशवीतून शाल काढली. मग नारळ काढला. आणि ताई, मी तो नारळ बघितला.

तो माझ्या दुकानातला होता. शेंडीवाला नारळ इथे सुपरमार्केटात मिळत नाही, मी मागवते तेव्हाच येतो. निघायच्या आधल्या आठवड्यात मिलिंद स्वतः येऊन घेऊन गेला होता. "चांगला बघून द्या रंजूताई, बोटीच्या कॅप्टनचा सत्कार करायचाय. शाल पुण्याहून आणवलीय. गोऱ्याला आपली संस्कृती दाखवू." कार्यक्रम ठरला होता शेवटच्या रात्री, बोटीवर. चोरीच्या भीतीने अश्विनी ती पिशवी सगळीकडे बरोबर वागवत होती, म्हणून ती लक्सरलाही आली. तुझ्या सत्काराचं त्या दुपारपर्यंत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. काचेतून घोडागाडी दिसली आणि त्याला तुझं ज्येष्ठत्व आठवलं.

का, हे मला विचारतील लोक. उघड आहे. आपण दोघी गेलो असतो आणि आत जाऊन आलो असतो, तर बाकीच्यांनी विचारलं असतं, आम्हाला का नाही नेलं? सगळेच बाहेर राहिले तर कुणी विचारत नाही. सगळ्यांचं मिळून चुकलं की ती चूकच नसते, तो कार्यक्रमातला बदल असतो.

मी तुझ्या कानात म्हटलं, "ताई, हे कॅप्टनचं आहे. चल."

तू माझं मनगट धरलंस. घट्ट. ओठ न हलवता म्हणालीस, "शाल अंगावर घातलीय गं. आता कसं जाऊ?"

यात सगळं आलं. कुठल्याही दुसऱ्या देशातल्या बाईला हे वाक्य कळणार नाही. शाल घातली म्हणजे माणूस बांधला. शाल घेऊन पाठ फिरवायची नाही, शाल घेऊन तक्रार करायची नाही. मिलिंदला हे पक्कं ठाऊक होतं. दोरखंडाने बांधलं असतं तर तू ओरडली तरी असतीस.

मग भाषणं झाली. तीन माणसं बोलली, त्यातल्या दोघांना तुझं आडनाव माहीत नव्हतं. एका काकांनी नेदरलँड्समधल्या मराठी माणसाची वाटचाल सांगायला घेतली. तुला दोन शब्द बोलायला लावलं. तू म्हणालीस, "तुम्ही सगळ्यांनी खूप प्रेम दिलंत," आणि दाराकडे बघितलंस. मग पंगत. सत्कारमूर्ती म्हणून पहिला आग्रह तुला. श्रीखंड, अजून श्रीखंड. मी बाहेर जाऊन गाडीवानाला जायला सांगितलं. त्याने काहीच मागितलं नाही. मी काही द्यायला गेले तर मान हलवली, खोका उचलून गाडीत ठेवला आणि गेला. ज्याच्याशी मी अर्धा तास हुज्जत घातली तो असा वागला, आणि आपली माणसं आत ढेकर देत होती.

एवढंही पुरलं नाही. जेवणानंतर बस एका दगडी वस्तूंच्या दुकानाकडे वळली. 'पाच मिनिटं, फक्त वॉशरूमसाठी.' तिथे आपल्या बायका अर्धपारदर्शक फुलदाण्यांना टिचक्या मारून बघत होत्या आणि माझ्याकडे येऊन विचारत होत्या, "रंजूताई, तुम्हाला जमतं ना, जरा भाव करून द्या ना." मी म्हटलं, "तुम्ही खाल्लंत त्याच्या दसपट किमतीचं काहीतरी आत्ता तिकडे बंद होतंय. त्याचा भाव करून देऊ?" कुणाला कळलं नाही. एकीने अश्विनीला विचारलं, "ही कायम अशीच बोलते का?"

कर्नाकला पोचलो तेव्हा आतून लोक बाहेर येत होते. तिकिटाची खिडकी बंद. गाईड बाई पहारेकऱ्यांशी बोलली, हात जोडले, तुझ्याकडे बोट दाखवलं. ते हसून मानेनेच नाही म्हणाले. मी पुढे झाले. पण बंद दरवाज्याशी सौदा होत नाही.

आणि तेव्हा मिलिंदने बॅनर काढला. निळ्या अक्षरांचा, मंडळाच्या नावाचा. "चला चला, उजेड जायच्या आत ग्रुप फोटो!" मोकळ्या चौकात सगळे ओळीने उभे. मागे लांबवर त्या भिंतीचा वरचा भाग, उन्हात पिवळा झालेला. तुला मध्ये उभं केलं, शाल नीट केली, नारळ हातात. तू मात्र वळून मागे बघत होतीस. सगळे ओरडत होते, "शालूताई, इकडे! कॅमेऱ्याकडे!" शेवटी अश्विनीने तुझी हनुवटी धरून तोंड वळवलं, लहान पोराचं वळवतात तसं. तू हसलीस. त्या फोटोत तू हसते आहेस.

बसमध्ये मी मिलिंदला सगळ्यांसमोर सोलायला उठले, तर तू खाली ओढलंस.

"आता नको."

"मग कधी?"

"लोकांनी प्रेमाने केलं गं."

"प्रेमाने? ती शाल कुणाची होती ते विचार त्याला."

"कळलंय मला. मी काय बावळट आहे?"

"मग बोल ना!"

"बोलून दार उघडणार आहे का?" आणि मग, डोळे मिटून, "पुढच्या हिवाळ्यात आपण दोघीच येऊ. तू तो घोडेवाला शोध."

मी तुझ्याशी त्यानंतर बोटीपर्यंत बोलले नाही. तू झोपल्याचं सोंग केलंस. ते सोंग होतं, मला माहीत आहे. तुझा अंगठा शालीच्या काठावरून सारखा फिरत होता.

आणि शेवटच्या रात्री बोटीवर काय झालं ते तूही बघितलंस. कॅप्टन आला, पांढऱ्या कपड्यात, बिचारा तास काढून. मिलिंद आणि अश्विनीची कुजबुज आपल्या टेबलापर्यंत येत होती. "अहो, आता याला काय द्यायचं?" शेवटी बाकरवडीचा पुडा दिला. तू इतकी हसलीस की ठसका लागला. मी नाही हसले. तुझं हसू मला तेव्हा माफीसारखं वाटलं, आणि मला माफी बघवत नाही.

पुढचा हिवाळा आला नाही. मार्चमधल्या एका सकाळी तू उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय, झोपेत, काही कळलं नसेल. तुला काही कळलं नसेल असं तुझ्याबद्दल लोक किती सहज म्हणतात.

नीउ-व्हेनेपच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मिलिंदच्या घराजवळचा हॉल, त्याला सोयीचा. पडद्यावर तोच फोटो, भिंतीएवढा मोठा. शाल, नारळ, हसू. आणि मिलिंद माइकवर, आवाज जड करून: "कर्नाक बघायचं शालूताईंचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. ते आपल्या मंडळाला पूर्ण करता आलं. त्या खांबांसमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी स्वतः पाहिलंय." पहिल्या रांगेत तुझी मुलगी मीरा, आइंडहोवनहून आलेली, नवऱ्याचा हात धरून रडत होती आणि मान हलवत होती. मग त्याने जाहीर केलं की येत्या हिवाळ्यात त्याच मार्गाने 'शालूताई स्मृती सहल' निघेल आणि पत्रकावर तुझा हाच फोटो असेल. मीराने परवानगी दिली आहे.

मी उभी राहिले. "खोटं आहे," म्हटलं. "ती आत गेलीच नाही."

चार हात माझ्या खांद्यावर पडले. "रंजूताई, आज नको." "आज तरी नको हो." मला चहाच्या टेबलाकडे नेलं, जणू मला चक्कर आली होती. त्या हॉलमध्ये बसमधली निम्मी माणसं होती. सगळ्यांना माहीत होतं. सगळे चहात बिस्किटं बुडवत होते.

पुढच्या आठवड्यात मीराने मला घर आवरायला बोलावलं. कपडे, भांडी, तुझी ती सतरा फडकी. इस्त्रीच्या टेबलावरची चादर काढली तर खाली, चौपदरी घडी घालून, कॅप्टनची शाल. वरून जागोजागी करपलेली. मीरा इंग्रजीत म्हणाली, "मावशी, ही इथे का?" तू रागाने ठेवलीस की जाड आहे, कामाला येईल म्हणून ठेवलीस, हे मला कधीच कळणार नाही. मला वाटतं, दोन्ही. मला पहिल्यांदा तुझ्याबद्दल नुसतं प्रेम वाटलं, राग न मिसळलेलं.

मी मीराला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ती ऐकत होती. तिला मराठी ऐकायला पूर्ण येतं. मग फोनवर तो फोटो काढून माझ्यासमोर धरला. "पण मावशी, ती आहे ना तिथे." मी म्हटलं, ते दार आहे, देऊळ नाही. ती डचमध्ये म्हणाली, "आता नको ना परत," आणि मग माझ्यासाठी तोडक्या मराठीत, "तू प्रत्येकाशी भांडतेस, मावशी. आई पण सांगायची."

बघ. मी आयुष्यभर खरं बोलून भांडले आणि तो आयुष्यभर गोड बोलला. तुझ्या मुलीने कुणावर विश्वास ठेवायचा हे त्यातच ठरून गेलं. मी तिच्यावर रागावले नाही. पण तुला बाहेर उभं केलं होतं हे तिला कळायलाच हवं. ती आपल्या आईच्या नावाने माणसं त्याच माणसाच्या हवाली करायला निघाली आहे. तिला वाटतं, आई तिथे मान वर करून उभी होती. तू मान मागे वळवून उभी होतीस. या दोन्हींत फरक आहे, आणि तुझ्या स्वतःच्या मुलीला तरी तो माहीत असायला हवा.

ताई, इथून पुढचं तुझ्याशी नाही.

मिलिंद, तू दोन पानं मागितलीस, जास्त झाली. एक शब्द कापलास तर मी हेच दुकानाच्या दारावर चिकटवीन, आणि रायस्वाइकचं कुठलं घर माझ्या दुकानात येत नाही ते तू सांग. पण छापून तुझी सुटका होत नाही. मीराला मराठी वाचता येत नाही. ऐकता येतं. म्हणून तू आइंडहोवनची गाडी पकड, अश्विनीला बरोबर घे, आणि मीरासमोर बसून सांग की तुझी आई कर्नाकच्या दाराबाहेर उभी होती. ती विचारेल, का? सांग तिला. खांबांसमोर आईच्या डोळ्यांत पाणी कधी बघितलंस, तेही सांग. ती घोडागाडी तू काचेतून बघितलीस. मग दोन मिनिटं कशासाठी मागितलीस? मला उत्तर माहीत आहे. बसमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. मला ते तुझ्या तोंडून, तिच्या समोर हवं आहे. तोवर शालूताईंचं नाव कुठल्याही पत्रकावर येणार नाही.

कधी जातोस, ते सांग.